शंभर दाण्यांचा व्हिडिओ

मे महिना संपत आला की किन्हीराजात घरोघरी सोयाबीनचं पोतं थप्पीवरून खाली उतरतं. गेल्या हंगामात चाळून, निवडून राखलेलं घरचं बियाणं उगवेल की नाही, हे पेरणीच्या आधी बघावं लागतं. शेजारच्या आबांच्या ओसरीत त्या दिवशी तेच चाललं होतं. भिजवून पिळलेलं गोणपाट फरशीवर अंथरलेलं, ताटलीत मोजून घेतलेले शंभर दाणे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला मोबाइल. मोबाइलमधला माणूस बोलत होता. त्यानं आपलं नाव सांगितलं, चॅनेलचं नाव सांगितलं, सबस्क्राइब करायला सांगितलं, घंटीचं बटण दाबायला सांगितलं, मग सोयाबीन हे आपल्या भागातलं किती महत्त्वाचं पीक आहे ते सांगायला लागला. आबांचे दोन्ही हात ओले. ते कोपरानं पडदा पुढे सरकवायला बघत होते.

"अरे, दाणे कसे मांडू थे सांग ना बाप्पा," ते मोबाइललाच म्हणाले. "सोयाबीन काय असते थे मले माहीत हाये."

माझ्या पुतण्यानं मोबाइल हातात घेऊन व्हिडिओ पुढे ढकलला. चौथ्या मिनिटाच्या पुढे कुठेतरी पहिल्यांदा गोणपाट दिसलं आणि त्यावर दाणे मांडणारा हात दिसला. एका ओळीत दहा दाणे, अशा दहा ओळी. आबांनी एक ओळ मांडली, मान वर करून पाहिलं, पुतण्याला मागे घ्यायला लावलं, दुसरी ओळ मांडली. तेवढा तुकडा त्यांनी चार-पाच वेळा बघितला. गोणपाटाची गुंडाळी झाली, ती सावलीत ठेवली गेली. व्हिडिओ अजून बराच शिल्लक होता, पण बघणारं कुणी नव्हतं.

पुतण्या स्वतः व्हिडिओ बनवतो. त्याच्याकडे तिपाई आहे, कॉलरला लावायचा माइक आहे, आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं त्याला ओळखतात. रात्री जेवताना त्यानं विचारलं, "काका, व्हिडिओ किती मिनिटाचा पायजे?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. द्यायला मला वेळ लागला, कारण प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, पैशाचा हिशेब आहे, आणि आपल्या माणसांबद्दलचा एक मोठा गैरसमजही आहे.

*

किन्हीराजा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात येतं. नाशिककडचं मालेगाव वेगळं, हे आम्हाला बाहेर गेलं की दर वेळी सांगावं लागतं. नागपूर-औरंगाबाद हा जुना रस्ता गावावरून जातो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, आणि त्या आधीपासूनच या पट्ट्यात सोयाबीननं ज्वारी-कपाशीची जागा घ्यायला सुरुवात केली होती. आज इथल्या खरिपाचा श्वास सोयाबीनवर चालतो. त्यामुळे इथे व्हिडिओ बघणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं नसतं. चक्री भुंगा कसा ओळखायचा, पिवळा मोझॅक आला तर झाड उपटायचं की ठेवायचं, रुंद वरंबा सरीवर पेरायचं तर यंत्र कसं लावायचं, हे सगळं माणसं मोबाइलवर शोधतात. पूर्वी याच गोष्टींसाठी कृषी सहायकाची वाट बघायची, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला जायचं, नाहीतर रिसोड तालुक्यातल्या करड्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठायचं. आजही माणसं जातात. पण बांधावर उभं असताना प्रश्न पडला की हात खिशाकडे जातो.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि हे सगळं बदललं. त्याआधी महिन्याला पुरवून वापरायचा डेटा दिवसाला मिळायला लागला. गावातल्या म्हाताऱ्या माणसानंही व्हिडिओ बघायला सुरुवात केली ती तेव्हा. ज्यांना वाचायचा कंटाळा होता, ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांनाही माहिती हातात मिळायला लागली. म्हणून व्हिडिओ किती लांब असावा हा प्रश्न मला बाजारातला वाटत नाही. तो शिक्षणातला आहे.

*

व्हिडिओची लांबी आजवर कुणी ठरवली, हे आधी बघू. बघणाऱ्यानं ती क्वचितच ठरवली आहे. बहुतेक वेळा ती भांड्यानं ठरवली आहे, म्हणजे ज्यात भरून ती गोष्ट आपल्यापर्यंत येते त्या साधनानं.

ग्रामोफोनची जुनी तबकडी आठवा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत तास तास राग मांडणारे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेहून येऊन त्या तीन मिनिटांत गायले आणि त्यांच्या ठुमऱ्या घरोघर पोचल्या. आलाप आटोपता घ्यावा लागला, ताना मोजून घ्याव्या लागल्या. तरी त्या तीन मिनिटांत गाणं आहे, गाण्याचा तुकडा नाही. मैफल कापून तबकडीत घातलेली नव्हती, तबकडीसाठी गाणं नव्यानं बांधलेलं होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सिनेमाचंही तेच. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा होता. तेव्हा लांबी मिनिटांत मोजत नसत, फुटांत मोजत. पुढे यूट्यूब आलं. २३ एप्रिल २००५ रोजी त्यावर चढलेला पहिला व्हिडिओ अवघ्या एकोणीस सेकंदांचा होता, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाचा. २००६ मध्ये कंपनीनं दहा मिनिटांची मर्यादा घातली, कारण लोक अख्खे सिनेमे आणि मालिका चढवायला लागले होते. २०१० मध्ये ती पंधरा मिनिटांवर नेली आणि त्याच वर्षाअखेर निवडक लोकांना मर्यादाच उठवून दिली. म्हणजे कित्येक वर्षं जगभर जो दहा मिनिटांचा व्हिडिओ बनत होता, तो माणसाचं लक्ष दहा मिनिटं टिकतं म्हणून बनत नव्हता. चोरी थांबवण्यासाठी घातलेल्या कुंपणाला धरून तो बनत होता.

आपल्या हातातली उदाहरणं घ्या. व्हॉट्सॲपवर बरीच वर्षं सोळा एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे, म्हणून कापून कापून पाठवायची सवय लागली. स्टेटस तीस सेकंदांचं होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सगळे घरी बसले, यंत्रणेवर ताण आला, तेव्हा भारतापुरतं ते पंधरा सेकंदांवर आणलं होतं. लोकांचा धीर एका रात्रीत निम्मा झाला नव्हता, तारा अपुऱ्या पडत होत्या. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. काही दिवसांतच इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केले आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट आणले, दोन्ही पंधरा सेकंदांचे. पुढे तेच शॉर्ट साठ सेकंदांचे झाले आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालायला लागले. माणसाला आखूडच आवडतं असं सांगणारेच आता हळूहळू लांबी वाढवत आहेत.

*

भांड्याइतकीच लांबी ठरवते ती जाहिरात. पुतण्यासारख्या पोरांना हा हिशेब तोंडपाठ असतो, बघणाऱ्यांना मात्र तो कुणी सांगत नाही.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळवायचे तर २०१८ पासून नियम असा आहे की हजार सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं गेलेलं हवं. (शॉर्टसाठी नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज ही वेगळी वाट आहे.) चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. सरासरी माणूस दोन मिनिटं बघत असेल तर त्यासाठी एक लाख वीस हजार व्ह्यूज लागतील. सहा मिनिटं बघत असेल तर चाळीस हजारांत काम होईल. आता ज्याला दोन मिनिटांत दाणे मांडून दाखवता येतात, तो ते दहा मिनिटांत का सांगतो हे लक्षात येईल. त्यात भर म्हणजे व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकायची तर तो ठरावीक लांबीचा असावा लागतो. आधी ती अट दहा मिनिटांची होती, जुलै २०२० पासून आठ मिनिटांची झाली. आठ मिनिटं आणि काही सेकंदांचे इतके व्हिडिओ आपल्याला का भेटतात, याचं उत्तर त्या अटीत आहे.

या पोरांना मी दोष देत नाही. ज्या गावात पदवी घेऊन काम मिळत नाही तिथे महिन्याला चार पैसे येत असतील तर ते मोलाचे आहेत. पण ओसरीत बसलेल्या आबांची ती चार मिनिटं कुणाच्या खिशात गेली, हे बनवणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. व्हिडिओची लांबी हा बघणाऱ्याच्या वेळेचा व्यवहार आहे, आणि व्यवहार चोख असावा.

दुसरं म्हणजे हा फुगवटा फायद्याचाही नसतो. यूट्यूबनं २०१२ मध्येच नुसत्या व्ह्यूजऐवजी किती वेळ बघितलं गेलं याला महत्त्व दिलं. बनवणाऱ्याला आपल्या व्हिडिओखाली एक आलेख दिसतो. शंभर जण आले तर तिसाव्या सेकंदाला किती उरले, दुसऱ्या मिनिटाला किती, शेवटी किती, हे त्या रेषेवरून कळतं. पोरं त्याला रिटेन्शन म्हणतात. ती रेषा वाचायला शिकणं म्हणजे आपल्या श्रोत्याचा चेहरा वाचायला शिकणं. सुरुवातीलाच रेषा धाडकन खाली आली तर समजावं की शीर्षकात आणि थंबनेलवर एक सांगितलं आणि दाखवलं दुसरंच, किंवा दाखवायला उशीर केला. मध्ये खड्डा पडला तर लोकांनी तेवढा भाग उडी मारून ओलांडला. आणि मध्येच उंचवटा आला तर तो भाग लोकांनी मागे जाऊन पुन्हा बघितला.

आबांनी बघितलेल्या त्या व्हिडिओच्या आलेखात चौथ्या मिनिटाच्या पुढे उंचवटा असणार. तो उंचवटा बनवणाऱ्याला ओरडून सांगत असणार की तुझा व्हिडिओ इथून सुरू होतो.

आकड्यांत आणखी एक चकवा आहे. तीन मिनिटांचा व्हिडिओ लोकांनी सरासरी सत्तर टक्के बघितला, तर ती दोन मिनिटं सहा सेकंदं झाली. बारा मिनिटांचा व्हिडिओ पस्तीसच टक्के बघितला, तर ती चार मिनिटं बारा सेकंदं झाली. टक्के बघितले तर पहिला चांगला, वेळ बघितला तर दुसरा. दोन्ही आकडे खरे, पण त्यांतला एकही हे सांगत नाही की बघणाऱ्याचं काम झालं की नाही. माणूस दुसऱ्या मिनिटाला निघून गेला तो कंटाळून गेला की उत्तर मिळालं म्हणून उठून शेतात गेला? आलेखात दोघांची रेषा सारखीच दिसते.

*

आता गैरसमजाकडे येतो. "आजकाल लोकांना धीरच राहिला नाही" हे वाक्य व्हिडिओ बनवणारे, शिकवणारे, वर्तमानपत्रवाले, सगळेच म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि मान्य नसण्याची कारणं आमच्याच मुलखात आहेत.

सप्ताह असला की इथली माणसं दिवसभर राबून रात्री कीर्तनाला बसतात. दोन तास मांडी मोडत नाहीत. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या वाजवत गाडगेबाबांच्या वाटेनं प्रबोधन करतात, तेव्हा मंडपात पोरंसोरंही जागी असतात. खुद्द गाडगेबाबांची रीत बघा. ते सांगण्यापेक्षा विचारत जास्त. प्रश्न टाकायचे, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे, त्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न. ऐकणारा त्यात भागीदार होई, म्हणून त्याला वेळेचं भान राहत नसे. नारदीय कीर्तनाची घडणच पूर्वरंग, मध्ये भजन आणि मग आख्यानाचा उत्तररंग अशी आहे. विचारानं डोकं भरलं की भजनानं मोकळं करायचं आणि मग गोष्ट सांगायची. श्रोत्याचं लक्ष कसं चढतं-उतरतं याचा अभ्यास आपल्या परंपरेनं आलेखावाचून केला होता.

आणि हे फक्त मंडपात नाही, मोबाइलवरही आहे. साताऱ्याकडच्या कोरी पाटी प्रॉडक्शनची 'गावाकडच्या गोष्टी' बघा, बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' बघा. एकेक भाग पाच मिनिटांत आटोपणारा नाही, तरी गावोगाव माणसं पुढच्या भागाची वाट बघत होती. २०२० च्या टाळेबंदीत वर्ध्याचे नितेश कराळे गुरुजी स्पर्धा परीक्षेचे धडे वऱ्हाडीत शिकवताना महाराष्ट्रभर बघितले गेले. इतिहास-भूगोलाची शिकवणी लोकांनी करमणुकीसारखी बघितली, कारण ती त्यांच्या बोलीत होती आणि समोरचा माणूस खरं बोलतोय असं वाटत होतं. त्याच वर्षी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी नातवाच्या मदतीनं 'आपली आजी' म्हणून घराघरांत पोचल्या. त्यांच्या स्वयंपाकाला घाई नव्हती. भाजी शिजायला जो वेळ लागतो तो बघायला लोक तयार होते.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. क्विबी नावाची कंपनी पावणेदोनशे कोटी डॉलर उभे करून एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. मोबाइलसाठी, दहा मिनिटांच्या आतले, मोठ्या कलावंतांचे कार्यक्रम, हीच तिची सगळी कल्पना होती. त्याच वर्षी डिसेंबरात ती बंद झाली. आखूडपणा म्हणजेच आवड, असं असतं तर ती बुडाली नसती.

धीर गेलेला नाही. निवड वाढली आहे. पूर्वी कंटाळा आला तर मंडपातून उठून जायला लाज वाटे, आता अंगठ्याला लाज नाही. म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. ऐकणाऱ्यात काही बिघडलेलं नाही.

*

मिनिटांचा नेमका आकडा सांगणाऱ्यांकडे एक अभ्यास हमखास असतो, तोही नीट वाचायला हवा. २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या तिघांनी एडएक्सवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम घेऊन, व्हिडिओ बघण्याची तब्बल एकोणसत्तर लाख सत्रं तपासली. त्यात असं आढळलं की व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा जास्त त्यात गुंतत नाहीत. तेव्हापासून 'सहा मिनिटं' हा जणू मंत्र झाला.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. व्याख्यानाचा व्हिडिओ आणि करून दाखवण्याचा व्हिडिओ विद्यार्थी वेगळ्या रीतीनं बघतात. व्याख्यान ते सुरुवातीपासून सलग बघतात. करून दाखवलेलं मात्र मध्येच उघडतात, थांबतात, मागे जातात, पुन्हा बघतात. आबांनी ओसरीत जे केलं ते नेमकं हेच. एडएक्सवर गणित सोडवणारा विद्यार्थी आणि गोणपाटावर दाणे मांडणारा शेतकरी यांची व्हिडिओ बघण्याची रीत एकच आहे, कारण दोघांचेही हात कामात आहेत.

शेतकऱ्यांसाठीच्या व्हिडिओचा प्रयोग आपल्या शेजारीच, कर्नाटकात झाला. २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातून डिजिटल ग्रीनची सुरुवात झाली. गावातल्याच शेतकऱ्यांना घेऊन, त्यांच्याच शेतात, त्यांच्याच बोलीत आठ-दहा मिनिटांच्या फिती बनवायच्या आणि संध्याकाळी गावात जमवून दाखवायच्या. सोळा गावांत तेरा महिने हे चाललं आणि नेहमीच्या विस्तार पद्धतीच्या तुलनेत सुचवलेल्या गोष्टी करून बघणाऱ्यांचं प्रमाण सातपट निघालं. फितीइतकाच महत्त्वाचा होता तो ती दाखवणारा गावातला माणूस. तो फीत मध्येच थांबवायचा, प्रश्न विचारायचा, शंका ऐकायचा आणि मग पुढे चालू करायचा. दहा मिनिटांची फीत त्यामुळे कितीतरी जास्त वेळ चाले आणि कुणी उठत नसे.

*

पुतण्यानं उगवण चाचणीचा स्वतःचा एक व्हिडिओ आधीच करून ठेवला होता, अकरा मिनिटांचा. आम्ही दोघं तो घेऊन बसलो. मी त्याला एकच सांगितलं: मिनिटं मोजू नकोस, कामं मोज. या व्हिडिओत कामं किती आहेत?

मोजल्यावर तीन निघाली. पहिलं, चाचणी कशी करायची. दुसरं, आलेल्या आकड्यावरून एकरी बियाणं किती लागेल. तिसरं, सोयाबीनची उगवण कमी का होते. ही तीन कामं तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या मनःस्थितीत लागतात. एकाच फितीत कोंबल्यामुळे प्रत्येकाला उरलेली दोन अडचण वाटतात.

पहिलं काम हाताचं आहे. पोत्याच्या वरून, मधून, खालून दाणे घ्यायचे. न निवडता शंभर मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, अधूनमधून पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजायचे. यात बोलायला फार नाही, दाखवायला आहे. नमस्कार, चॅनेलचं नाव, सोयाबीनचं महत्त्व हे काढलं. पण दाणे मांडणारा हात आम्ही घाईनं पळवला नाही. पुतण्या म्हणत होता, इथे वेग वाढवू. मी नको म्हटलं. पहिली ओळ हाताच्या वेगानंच दिसली पाहिजे, कारण बघणाऱ्याचा हात त्याच वेगानं चालणार आहे. उरलेल्या नऊ ओळी एकदम दाखवल्या. व्हिडिओ साडेतीन मिनिटांच्या आसपास आला.

दुसरं काम गणिताचं आहे आणि ते एका मिनिटात बसतं. सत्तर टक्के उगवण धरून एकरी तीस किलो बियाण्याची शिफारस असते. साठच उगवले तर तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. फळ्यावर खडूनं लिहून दाखवलं. हा तुकडा शॉर्टमध्ये चालतो, व्हॉट्सॲपवर चालतो, दुकानात उभं राहून बघता येतो.

तिसरं काम समजून घेण्याचं आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, मळणीयंत्राचा वेग जास्त झाला की दाण्याला आतून मार बसतो, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी फार उंच लावली की उगवण घटते. हे कानानं ऐकण्यासारखं आहे. हे रात्री खाटेवर पडून बघतात. इथे बारा मिनिटं घेतली तरी चालतील, उदाहरणं सांगितली तरी चालतील, फक्त कुठल्या मिनिटाला काय आहे ते खाली लिहून द्यायचं.

एकाच अकरा मिनिटांतून एक साडेतीन मिनिटांचा, एक मिनिटाचा आणि एक बारा मिनिटांचा असे तीन व्हिडिओ झाले. एकूण लांबी वाढली आणि एकाही बघणाऱ्याचा वेळ वाया गेला नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीबद्दल मी म्हटलं ते हेच. लांब व्हिडिओचा तुकडा तोडून आखूड व्हिडिओ होत नाही, तो आखूड म्हणून नव्यानं बांधावा लागतो.

*

सगळंच आखडता येत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या आठवणीनं आजही वऱ्हाडातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. आता विचार करा, पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये कुणी म्हणतो, "पंपाला इतकं औषध टाका." कुठला पंप? पाठीवरचा हातपंप की पेट्रोलवरचा पॉवर स्प्रे? दोन्हींना पाणी वेगळं लागतं, तर औषधाचं मापही वेगळं. तोंडाला काय बांधायचं? वाऱ्याकडे पाठ की तोंड? दोन औषधं एकत्र चालतात का? जिथे चुकीची किंमत जीव आहे, तिथे हे सगळं सांगून होईपर्यंत व्हिडिओ संपू नये. त्यापायी आलेख खाली आला तर येऊ द्यावा.

बाजारभावाच्या व्हिडिओला मिनिटभर पुष्कळ होतं, पण त्या मिनिटाच्या पहिल्या तीन सेकंदांत तारीख आणि बाजार समितीचं नाव हवं. तारखेवाचूनचा भाव महिनोन् महिने गावोगाव फिरत राहतो आणि कुणीतरी त्याच्या भरवशावर माल घरात ठेवतो. कीर्तनाचे तुकडे पाडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. दोन तासांच्या निरूपणातलं एक वाक्य पूर्वपक्ष म्हणून, खोडण्यासाठी मांडलेलं असतं. तेवढंच तोडून फिरवलं की बोलणाऱ्याच्या तोंडी नेमकं उलटं मत जातं.

म्हणून पुतण्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. लांबी ठरवण्याआधी तीन गोष्टी विचार. बघणाऱ्याचे हात मोकळे आहेत की कामात? तो कुठे आहे, बांधावर, दुकानात की खाटेवर? आणि हे बघून तो काय करणार आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की मिनिटं आपोआप ठरतात. मग व्हिडिओ टाकण्याआधी गावातल्या तीन माणसांना दाखव, एक म्हातारा, एक बाई, एक पोरगा. आपण काही बोलायचं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि अंगठ्याकडे बघायचं. अंगठा हलला तिथे कात्री लाव. "मागं घे" म्हणाले तिथे वेळ वाढव.

*

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक छोटी फीत केली होती. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं आणि या माध्यमात काय ताकद आहे हे पैसेवाल्यांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का केला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' असं त्या फितीचं नाव. महिन्याभराचं उगवणं मिनिटभरात पडद्यावर दिसलं आणि बघणारे थक्क झाले. मराठी माणसानं केलेल्या अगदी सुरुवातीच्या फितींपैकी एक अशी एका मिनिटाची आणि बियाण्याच्या उगवणीची होती, हे मला पुतण्याला सांगताना फार बरं वाटलं. फाळक्यांनी काळ दाबून लहान केला, पण बी फुटण्यापासून झाड वर येण्यापर्यंतची एकही पायरी गाळली नाही.

सातव्या दिवशी आबांनी हाक मारली. ओसरीत गोणपाटाची गुंडाळी आणून ठेवली होती. त्यांनी ती हळूहळू उलगडली. ओल्या तागाचा वास आला आणि एकामागून एक ओळी उघड्या पडल्या, पांढुरके जाडसर कोंब, काही वाकलेले, काही सरळ, मधेमधे न फुगलेला, काळपट पडलेला एखादा दाणा. आबा बोटानं मोजत होते. पुतण्या तिपाई लावायला धावला आणि माइक कॉलरला अडकवून सवयीनं म्हणाला, "नमस्कार मित्रांनो..."

आबांनी मोजणं न थांबवता हात वर केला.

"हे पयले दाखव," ते म्हणाले. "मंग बोल."